चिठ्ठीतला सहावा क्रमांक

पुरवणी जबाब
बुधवार, दुपारी दोन वाजून तीस मिनिटे

मी खाली सही करणारा, वय त्रेपन्न वर्षे, काम छापखान्यात यंत्रांची देखभाल, राहणार वसाहतीतली तिसरी ओळ, पाण्याच्या टाकीमागचे शेवटचे घर, स्वतःहून ठाण्यात हजर होऊन सांगतो की, सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता मी दवाखान्यातल्या पोलीस चौकीत माझ्या पत्नीच्या अपघाताची फिर्याद दिली. लाँड्रीच्या टेम्पोच्या चालकाने तिला धडक दिली असे मी त्यात लिहून दिले. ते खरे नाही. तो चालक सोमवारपासून याच ठाण्याच्या कोठडीत आहे आणि उद्या सकाळी त्याला पुन्हा कोर्टापुढे उभे करायचे आहे. त्याआधी माझे म्हणणे कागदावर यावे म्हणून मी आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही, कोणी शिकवलेलेही नाही.

हवालदारांनी मला सुचवले की, बाई शुद्धीवर आल्या की त्यांचाच जबाब घेऊ, तोवर थांबा. मी थांबू शकत नाही. आजच, कलम आहे तेच, दुखापतीचे, असताना लिहून घ्या, अशी मी विनंती केली व ती त्यांनी मान्य केली.

माझ्याविषयी एवढेच सांगतो की मी सायकलीचे काम कुठल्याही संस्थेत शिकलेलो नाही. जुन्या सायकली उघडून आणि पुन्हा जोडून शिकलो. वसाहतीतली पंधरा-सोळा माणसे सायकलने कामावर जातात, त्यांच्या सायकली मीच पाहतो, पैसे घेत नाही. कोणी कोणता गिअर घ्यावा, कोणत्या वाटेने जावे, टायर रुंद घ्यावा की अरुंद, हे लोक मला विचारतात. मला 'मिलिमीटर' म्हणतात. हे नाव चेष्टेने पडले, पण मी ते कधी नाकारले नाही.

माझी पत्नी, वय अठ्ठेचाळीस, चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. ती सायकल शिकली ती पंचेचाळिसाव्या वर्षी, माझ्याकडून. मोठ्या रस्त्याने कारखाना सहा किलोमीटर शंभर मीटर आहे. त्या रस्त्यावर अवजड वाहने असतात म्हणून मी तिच्यासाठी दुसरी वाट शोधली. ती वाट टाकीमागून कालव्याच्या बांधावर चढते, बांधावरून बंद पडलेल्या खडीच्या खाणीपर्यंत जाते, खाणीचा चढ चढून पलीकडच्या उताराने दोन सिमेंटच्या खांबांमधून कारखान्याच्या रस्त्याला लागते. अंतर सात किलोमीटर चारशे. उतार एकशे नव्वद मीटर लांब असून खाली चौदा मीटर जातो. नळीत पाणी भरून मी तो स्वतः मोजला आहे. ही वाट सुरक्षित आहे, असे मी तिला सांगितले होते.

हवालदार म्हणाले, "अहो, एवढं सगळं कशाला? मुद्द्याचं बोला." मी म्हणालो, हाच मुद्दा आहे, लिहा. त्यांनी लिहिले.

सायकल मी तीन वर्षांपूर्वी जुनी घेतली. तिचा डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला व उजव्या हाताचा मागच्या चाकाला होता. उतारावर पुढचा ब्रेक आधी आवळला तर चाक जागीच थांबते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून शिकवताना मी पत्नीला एकच नियम घालून दिला होता : उजवा आधी, डावा मागून आणि अलगद. हे मी तिच्याकडून पाठ करून घेतले. ती त्याची घरात थट्टा करायची. मी सदरा घालताना बाही चुकलो की स्वयंपाकघरातून ओरडायची, "उजवा आधी हो!" पाहुणे दारात चप्पल काढायला लागले तरी म्हणायची. तीन वर्षांत तिचा हात कधी चुकला नाही. सोमवारीही चुकला नाही.

गेल्या पावसाळ्यापासून तिचा उजवा गुडघा दुखतो. खाणीच्या चढाला ती उतरून सायकल ढकलत नेत होती. हे मला तिने सांगितले नाही, कधीमधी तिच्याबरोबर जाणाऱ्या कारखान्यातल्या बाईंनी सांगितले. मी पत्नीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "चालले पाच मिनिटं तर काय झिजते मी?" मी म्हणालो, माझ्या घरची सायकल कोणी ढकलत नेणार नाही. ती म्हणाली, "बरं साहेब." त्यानंतर मी मागच्या चाकासाठी आठ चकत्यांचा नवा संच मिळवला. त्यातली सर्वांत मोठी चकती बत्तीस दात्यांची आहे. तेवढ्या चकतीवर चेन टाकली की तो चढ लहान मूलही बसून चढेल.

रविवारी दुपारी दोन ते सायंकाळी साडेसहा मी घराच्या ओट्यावर हे काम केले. मागचा संच बदलला. पुढच्या दोन चकत्यांपैकी एक काढली, त्यामुळे डाव्या हाताशी असलेला गिअरचा खटका नको झाला, तोही काढला. खटका गेल्यावर हँडलसमोरच्या वायरी मोकळ्या दिसू लागल्या. त्यात ब्रेकच्या दोन वायरींना अवघड वळण पडत होते. अदलाबदल केली, म्हणजे उजव्या हाताची पुढे नेली व डाव्या हाताची मागे, तर दोन्ही वायरी सुंदर बसत होत्या. माझ्या स्वतःच्या सायकलीला तसेच आहे आणि उजवा हात जोराचा असल्याने तेच योग्य, असे माझे मत आहे. मी वायरी बदलल्या. ब्रेकला नवे रबर बसवले. ब्रेक इतका चांगला मी आजवर कोणाला लावून दिला नव्हता.

पत्नी दोनदा ओट्यावर आली. पहिल्यांदा पाणी घेऊन. दुसऱ्यांदा म्हणाली, "माझ्या हातून रोज दोनशे काचा नापास होतात. तुम्ही तेवढे कसे पास झालात, कळत नाही." मी वर पाहिले नाही, कारण वायरीचे टोक चिमट्यात होते.

रात्री जेवणानंतर मी केलेल्या बदलांची चिठ्ठी लिहिली. ही माझी पद्धत आहे. कोणाचीही सायकल परत देताना मी काय बदलले ते क्रमांक घालून लिहितो, दारात वाचून दाखवतो व मगच सायकल हातात देतो. वाचून दाखवल्याशिवाय मी कोणाला बसू देत नाही. हे वसाहतीत कोणीही सांगेल.

चिठ्ठीत सात क्रमांक होते. एक : मागे आठ नव्या चकत्या. दोन : पुढे एकच चकती, डावा खटका काढला. तीन : बांधावर चार नंबरचा गिअर. चार : खाणीच्या चढाला एक नंबर, पण चढ सुरू होण्याआधी टाकणे, चढावर जोर लावत बदलू नये. पाच : हवा किती. सहा : ब्रेकची अदलाबदल, आता उतारावर डावा आधी. सात : सीट चार मिलिमीटर वर. हा क्रम माझा आहे. गिअरचे काम मला अभिमानाचे वाटत होते म्हणून ते वर घेतले.

सोमवारी सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी पत्नी दारात सायकल घेऊन उभी होती. मी चिठ्ठी वाचायला लागलो. तिसऱ्या क्रमांकाला तिने घड्याळ पाहिले. चौथा मी सविस्तर समजावला, कारण लोक तिथेच चुकतात. ती म्हणाली, "अहो, सातची पाळी आहे, फाटक बंद करतात. बाकीचं संध्याकाळी सांगा." मी म्हणालो, अजून तीनच राहिलेत. ती म्हणाली, "द्या ती चिठ्ठी इकडे, जेवणाच्या सुट्टीत वाचते. माझ्या टेबलावर भिंग आहे, मिलिमीटरचं अक्षर भिंगाखाली बघते." चिठ्ठी तिने घडी करून खिशात घातली व बसली. आमच्या दारापासून वसाहतीच्या नळापर्यंत तीस मीटर रस्ता सरळ आहे. तेवढ्या अंतरात मी हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. ती गिअर बदलत जात होती आणि तो किती बिनआवाज पडतो ते मी ऐकत होतो.

आमच्या दारापासून नळापर्यंत तिला ब्रेक लावण्याची गरज पडत नाही. बांधावरही पडत नाही. पहिला ब्रेक खाणीच्या उतारावर लागतो.

सकाळी सात वाजून एकतीस मिनिटांनी मला दवाखान्यातून फोन आला. पोचलो तेव्हा तिला आत नेले होते. माझा मेव्हणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, माझ्याआधी आला होता. त्याने व आणखी काही जणांनी एका माणसाला भिंतीशी धरून ठेवले होते. त्याच्या शर्टाला रक्त होते. ते माझ्या पत्नीचे आहे असे मला सांगण्यात आले. तोच लाँड्रीच्या टेम्पोचा चालक. त्याला कोणी मारले ते मी पाहिले नाही, पण त्याचा ओठ फुटलेला होता. त्यानेच तिला टेम्पोत घालून दवाखान्यात आणले, हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

फिर्याद लिहिताना मेव्हणा शेजारी उभा होता. मी अपघात पाहिलेला नव्हता. तरीही टेम्पो भरधाव वेगाने, चुकीच्या बाजूने, अंदाजे साठच्या वेगाने आला, असे मी सांगितले. 'अंदाजे' हा शब्द मी एरवी वापरत नाही. चौकीतले जमादार म्हणाले, तुमच्यासारखा मोजून बोलणारा माणूस सांगतोय म्हणजे तसंच असणार. मी सही केली.

त्याच दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी परिचारिकेने पत्नीच्या वस्तू एका पिशवीत घालून मला दिल्या. घड्याळ, कारखान्याचे ओळखपत्र, रुमाल, चिठ्ठी. चिठ्ठीची घडी तशीच होती.

तेव्हापासून मला माहीत आहे. आज अडीच वाजता मी इथे आलो. म्हणजे पन्नास तास वीस मिनिटे मी गप्प होतो. हा आकडा हवालदारांनी विचारला नव्हता, मी सांगितला.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता सायकलच्या पंचनाम्यासाठी मला याच ठाण्याच्या आवारात बोलावले. सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. हँडल वाकलेले, पुढचे चाक गोल, एकही तार तुटलेली नाही. मी उजवा ब्रेक दाबला. पुढचे चाक थांबले. पंचांनी "दोन्ही ब्रेक चालू स्थितीत" असे लिहिले, मी सही केली व निघालो. बाहेर पडायला कोठडीवरून जावे लागते. चालक गजांपाशी उभा होता. मी कोण हे त्याला कोणीतरी सांगितले असावे. तो म्हणाला, "दादा, वहिनी शुद्धीवर आल्या का?" मी नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "त्यांची एक चप्पल माझ्या गाडीत राहिलीय, सीटखाली ठेवलीय मी. साहेबांना सांगून घेऊन जा, नाहीतर त्या उठल्यावर शोधतील." एवढेच. सुटकेबद्दल तो बोलला नाही. मी चप्पल मागितली नाही.

आज सकाळी साडेआठ वाजता मी फितीचा मोजपट्टा घेऊन खांबांपाशी गेलो. टेम्पोचा दोष सापडावा म्हणून गेलो. हे खरे आहे, असेच लिहा.

पोलिसांच्या खडूच्या खुणा अजून दिसत होत्या. दोन खांबांपासून अलीकडे, खडीवर, एका अरुंद टायरची सरळ रेघ होती. लांबी सत्तर सेंटिमीटर. ती पुढच्या चाकाची आहे, कारण पुढे जुना, मधोमध धार असलेला टायर होता व मागे मी पूर्वीच बसवलेला, चौकड्यांच्या नक्षीचा. मागच्या टायरची रेघ कुठेही नाही. रेघ संपते तिथून टेम्पोचे चाक थांबले त्या खुणेपर्यंत दोन मीटर पस्तीस सेंटिमीटर भरले. टेम्पोच्या ब्रेकची खूण चार मीटर दहा. एवढ्या अंतरात थांबणारी गाडी साठच्या वेगाने येत नसते, विसाच्या आसपास येते. सगळी खूण त्याच्या योग्य बाजूला आहे. मी तीनदा मोजले. तिसऱ्या वेळी पट्टा दुसऱ्या टोकाकडून धरला. तेवढेच भरले.

तिथून मी, पोलिसांनी टेम्पो उभा केला आहे तिथे गेलो. पुढच्या पट्टीवर हँडलच्या रबराचा काळा ओरखडा आहे, जमिनीपासून एकेचाळीस सेंटिमीटरवर. सायकल उभी असताना तिचे हँडल अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरवर असते. म्हणजे टेम्पोला लागली ती आडवी पडून घसरत आलेली सायकल. माझ्या पत्नीला टेम्पोचा स्पर्श झालेला नाही. ती आधीच रस्त्यावर होती. तिने उतारावर, मी शिकवल्याप्रमाणे, उजवा आधी दाबला.

टेम्पोच्या मागच्या भागात धुतलेल्या चादरींचे गठ्ठे आहेत. वरचे चार गठ्ठे सोडवून मधोमध पसरलेले आहेत व उशाशी एक घडी करून ठेवलेली आहे. त्याने तिला कसे नेले ते त्यावरून कळते. या चादरींचा उल्लेख पहिल्या पंचनाम्यात 'रक्ताने माखलेले कापड' एवढाच आहे. त्याची दुरुस्ती व्हावी.

दुपारी बारा वाजता डॉक्टरांनी मला व मेव्हण्याला त्यांच्या खोलीत बोलावले. तिथे जे सांगितले त्याचा या गुन्ह्याशी संबंध नाही, म्हणून लिहीत नाही. मुलगी परगावाहून निघाली आहे. रात्री आठपर्यंत पोचेल.

खोलीबाहेर आल्यावर मी मेव्हण्याला चिठ्ठी दाखवली. त्याने ती उभ्याने वाचली. म्हणाला, "भावोजी, ही फाडून टाका." मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "तुम्ही वायरी बदलल्या हे तुम्ही, मी आणि देव, तिघांनाच माहीत. कशाला घर बुडवताय?" मी म्हणालो, तो माणूस आत आहे. तो म्हणाला, "त्याला चार दिवसांत सोडतील. ताईला कोण सोडवणार?" नंतर तो बाकावर बसला आणि म्हणाला, "पोरीला काय सांगाल? बापाच्या हाताने झालं म्हणून?" मी त्याच्या हातातून चिठ्ठी परत घेतली. त्याने मग विचारले, "भावोजी, तिला आधी सांगितलं का नाही हो? एक वाक्य." मी म्हणालो, सहाव्या क्रमांकावर होते. तो उठून आत गेला. मी इकडे आलो.

हवालदारांनी मला समज दिली की, खोटी फिर्याद दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, शिवाय निष्काळजीपणाचा गुन्हाही लागू शकतो. मला ते समजले आहे. ते म्हणाले, "बायको अशा अवस्थेत असताना माणूस स्वतःलाच दोष देतो. घरी जा, झोपा, उद्या या." मी म्हणालो, मी दोष देत नाही, मोजून सांगतोय. मोजपट्टा, मापांची वही व चिठ्ठी मी या जबाबासोबत हजर करत आहे. चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे. तिच्या घडीवरचा डाग पुसू नये.

माझ्या तीन विनंत्या आहेत. सायकल तज्ज्ञाने तपासेपर्यंत तिच्या वायरींना कोणी हात लावू नये. चालकाला आजच साहेबांसमोर नेऊन हा जबाब वाचून दाखवावा. आणि टेम्पोच्या सीटखाली डाव्या पायाची चप्पल आहे, ती मला मिळावी. ती मी आज दवाखान्यात नेणार आहे. पत्नीला लागेल.

सायंकाळी चार वाजून पाच मिनिटांनी हवालदारांनी हा सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. शेवटच्या परिच्छेदाआधी त्यांनी आपल्या शब्दांत एक ओळ घातली होती : "सायकलीचे ब्रेक ऐनवेळी निकामी झाल्याने अपघात झाला." ते म्हणाले, "असंच राहू द्या. तुमच्याही सोयीचं आहे, त्या पोराच्याही. दोघंही सुटाल." मी ती ओळ खोडायला लावली. ब्रेक निकामी झाले नव्हते. ब्रेक उत्तम होते, मी लावले होते. खोडलेल्या जागी मी सही केली आहे. बाकी जे लिहिले ते मी सांगितले तसेच आहे, त्यात कमी नाही, जास्त नाही.